ध्वनिमुद्रिकेचें वेष्टन

आंतील जिन्नस मोलाचा आणि वेष्टन कवडीमोलाचें, असा आपल्याकडील सर्वसाधारण समज आहे. केळें सोललें कीं साल उकिरड्यावर जावी, पुस्तकाचा पुठ्ठा निसटला तरी मजकूर शाबूत असला म्हणजे झालें, अशी आपली वृत्ति. संगीताच्या बाबतींत मात्र हा समज तपासून पाहण्याजोगा आहे. सूर वाऱ्यावर उमटतो आणि वाऱ्यावरच विरतो. त्याला रूप नाहीं, रंग नाहीं, ठावठिकाणा नाहीं. तो तबकडींत कोंडला गेला तेव्हां त्याला जी ओळख मिळाली, ती तबकडीपेक्षां तिच्या वेष्टनानेंच अधिक मिळाली. तबकड्या सगळ्या सारख्याच दिसतात. कोणतींत भूप आहे व कोणतींत लावणी, हें सांगतें तें वेष्टन. म्हणून कागदी पाकिटापासून ‘सीडी’च्या पारदर्शक डबीपर्यंत या वेष्टनाचा जो प्रवास झाला, तो येथें थोडक्यांत सांगावयाचा आहे. विषय कोणास क्षुल्लक वाटेल. परंतु या इतिहासांत एक प्रश्न आरंभापासून दडलेला आहे, आणि तो क्षुल्लक नाहीं. गाणें कोणाचें, हें लिहून ठेवण्याची जबाबदारी कोणाची, हा तो प्रश्न होय.

छापील वेष्टन अस्तित्वांत येण्यापूर्वींच आपल्या कवींनीं या प्रश्नाचें उत्तर आपल्यापुरतें शोधून काढलें होतें. नांव गाण्याच्या आंतच गुंफावें, हें तें उत्तर. हिंगोली जिल्ह्यांतील नरसी हें गांव परंपरेनें ज्यांचें जन्मस्थान मानलें जातें ते नामदेव आणि परभणी जिल्ह्यांतील गंगाखेडची जनाबाई, यांचे अभंग आमच्या मराठवाड्यांत आजही निरक्षर बायाबापड्यांच्या तोंडीं आहेत. ते कोणाचे, हें त्यांना कोणा पंडितानें सांगावें लागत नाहीं. शेवटच्या चरणांतील ‘नामा म्हणे’ किंवा ‘म्हणे जनी’ ही नाममुद्रा अभंगाबरोबर शेंकडों वर्षें चालत आली. शाहिरांनींही हाच मार्ग पत्करला. शेवटच्या कडव्यांत स्वतःचें, गुरूचें आणि कित्येकदां गांवाचेंही नांव घालण्याची त्यांची चाल सर्वांच्या परिचयाची आहे. या पद्धतींत घोटाळे होत नसत असें नाहीं. नामदेव आणि विष्णुदास नामा यांच्या रचनांची सरमिसळ झाली, ती नाममुद्रा सारखी असल्यामुळेंच. आमच्या नायगांव तालुक्यांतही नरसी नांवाचें एक गांव आहे, आणि परगांवचा पाहुणा त्यालाच नामदेवांची नरसी समजून बसतो. नांव एकच असलें कीं अशी गफलत होतेच. तरी एवढें खरें कीं कवि आणि काव्य यांची ताटातूट करणें त्या काळीं सोपें नव्हतें. कारण नांव वेष्टनावर नव्हतें, तें वस्तूंतच विणलेलें होतें.

यंत्रयुगानें हें विणकाम उसवलें. जर्मनींत हॅनोव्हर येथें जन्मलेला व अमेरिकेंत स्थायिक झालेला एमिल बर्लिनर यानें १८८७ मध्यें ग्रामोफोनचें पेटंट घेतलें, आणि १८९८ मध्यें भावाच्या साह्यानें आपल्या जन्मगांवीं तबकड्या छापण्याचा कारखाना काढला. १९०२ च्या नोव्हेंबरांत ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला व त्यानें गौहर जान हिचें गाणें मुद्रित केलें. मूळ मुद्रा आगबोटीनें हॅनोव्हरला जावयाच्या, तेथें तबकड्या छापावयाच्या आणि त्या परत हिंदुस्थानांत विक्रीस यावयाच्या, असा तेव्हांचा क्रम होता. तेथील कारागिरांना हिंदी भाषांचा गंधही नव्हता. कोणत्या तबकडीवर कोणाचें नांव चिकटवावें याचा घोळ होऊं नये म्हणून गाणें संपतांच गायिकेनें आपलें नांव इंग्रजींत उच्चारावें, अशी तजवीज करण्यांत आली. गौहर जानची ती ठसक्यांतील घोषणा आजही ऐकावयास मिळते. नामदेवांची नाममुद्रा आणि गौहर जानची ही घोषणा यांत काळाचें व वृत्तीचें केवढें अंतर! परंतु दोहोंचें प्रयोजन एकच आहे. फरक इतकाच कीं संतांची मुद्रा श्रोत्यांसाठीं होती, आणि ही कारखान्यासाठीं. १९०८ मध्यें कलकत्त्यासच सियालदह येथें तबकड्या छापण्याचा कारखाना निघाला, आणि हळूहळू ही घोषणा मागें पडली. नांव गाण्याच्या बाहेर गेलें तें कायमचें.

तें गेलें तें तबकडीच्या मध्यावरील सुमारें तीन इंच व्यासाच्या कागदी चकतीवर. ही चकती म्हणजे ध्वनिमुद्रिकेचें पहिलें मुखपृष्ठ. तेवढ्या जागेंत कंपनीचें चिन्ह, गाण्याचे आरंभींचे शब्द, राग, गायकाचें नांव व अनुक्रमांक, इतकें सर्व बसवावयाचें. कर्ण्यासमोर कान टवकारून बसलेल्या कुत्र्याचें फ्रान्सिस बॅरो या चित्रकारानें काढलेलें चित्र ग्रामोफोन कंपनीनें १८९९ मध्यें विकत घेतलें होतें. पुढें तें आमच्या घरोघरीं इतकें ओळखीचें झालें कीं अक्षरशत्रूलाही त्यावरून कंपनी कळे. १९३५ च्या सुमारास मुंबईंत ‘यंग इंडिया’ या नांवानें ध्वनिमुद्रिका निघूं लागल्या. तिच्या नांवांतच स्वदेशीचा पुकारा होता. चकतीवरील गायिकांच्या नांवामागें ‘मिस’ किंवा ‘बाई’ असे, आणि कांहीं गायकांच्या नांवापुढें ‘अमेच्युअर’ हा शब्द छापीत. गाणें हा आपला धंदा नव्हे, एवढें जगाला बजावण्यासाठीं ही एका शब्दाची तजवीज होती. समाजानें गाणाऱ्यांस कोणत्या पायरीवर बसविलें होतें, हें त्या तीन इंचांत लख्ख वाचतां येतें.

तबकडी लाख, दगडाची पूड व काजळी यांच्या मिश्रणाची, वजनानें जड आणि स्वभावानें ठिसूळ. तिला जपण्यासाठीं जाड कागदाचें पाकीट असे व त्याच्या मध्यभागीं वाटोळें भोंक ठेवलेलें असे. भोंकांतून चकतीवरील अक्षरें वाचावीं, आणि भोवतालच्या कागदावर कंपनीची किंवा दुकानदाराची जाहिरात पाहावी, अशी ती योजना होती. एकच पाकीट हजार गाण्यांना चाले. म्हणजे या काळांत वेष्टन गाण्याविषयीं मुकेंच होतें. जें कांहीं बोलावयाचें तें चकती बोले. आणि चकती दर वेळीं खरें बोले असेंही नाहीं. १९४९ च्या ‘महल’ चित्रपटांतील सुप्रसिद्ध गाण्याच्या पहिल्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ हें नांव छापलें होतें. कामिनी हें चित्रपटांतील पात्र. गाणारी होती लता मंगेशकर. श्रोत्यांनीं आकाशवाणीकडे विचारणा केली तेव्हां खरें नांव बाहेर आलें. ज्या गळ्यानें तें गाणें अमर केलें, त्या गळ्याच्या धनिणीला चकतीवर जागा मिळाली नव्हती, ही गोष्ट विसरण्यासारखी नाहीं.

वेष्टनाला वाचा फुटली ती अमेरिकेंत. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटांचें गाणें मावे. म्हणून मोठी रचना चार-पांच तबकड्यांत विभागून त्यांचीं पाकिटें छायाचित्रांच्या वहीप्रमाणें एकत्र बांधीत. ‘अल्बम’ हा शब्द संगीतांत आला तो या बांधणीमुळें. या वह्यांचे पुठ्ठे पूर्वीं कोरे, फार तर सोनेरी अक्षरांचे असत. १९४० मध्यें कोलंबिया कंपनीच्या अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस या तरुण चित्रकारानें पुठ्ठ्यावर चित्र छापण्याची कल्पना मांडली, आणि ध्वनिमुद्रिका प्रथमच पुस्तकासारखी दुकानाच्या काचेंतून ग्राहकाकडे पाहूं लागली. १९४८ च्या जूनमध्यें त्याच कंपनीनें मिनिटास ३३⅓ फेरे घेणारी दीर्घ ध्वनिमुद्रिका काढली. एका बाजूस वीस-बावीस मिनिटें वाजणाऱ्या या बारा इंची तबकडीनें आपल्या ख्यालगायकीचे पांग फेडले. आलापाला श्वास घेण्यास उसंत मिळाली. आणि तिच्या सुमारें ३१ सेंटिमीटर चौरस पुठ्ठ्यानें लेखकाला जागा दिली. समोर गायकाचें मोठें छायाचित्र, मागें राग, ताल, बंदिश, घराणें यांवरील टिपण, आणि खालीं तबला, संवादिनी व तंबोरा यांच्या साथीदारांचीं नांवें. शास्त्रीय संगीतावरील हें टिपण बहुतेक इंग्रजींत असे, हा त्याचा दोष. तरी पुष्कळांना घराणें म्हणजे काय याचा पहिला धडा या पुठ्ठ्याच्या पाठीवरच मिळाला.

पण दीर्घ मुद्रिका आणि तिचें यंत्र हीं सुखवस्तु घरांचीं चैन होती. खेड्यापाड्यांत यंत्रसंगीत खऱ्या अर्थानें पोंचविलें तें कॅसेटनें. फिलिप्स कंपनीनें १९६३ मध्यें बर्लिनच्या रेडिओ-प्रदर्शनांत मांडलेली ही फितीची डबी १९८० नंतरच्या दशकांत आपल्याकडे धान्यासारखी खपूं लागली. तबकडी छापण्यास मोठा कारखाना लागे; कॅसेटच्या प्रती एखाद्या खोलींत बसून काढतां येत. त्यामुळें कलकत्त्याच्या एका कंपनीची मिरास संपली. गुलशन कुमार यांच्या टी-सीरीजसारख्या नव्या कंपन्या उभ्या राहिल्या. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउसनें शास्त्रीय संगीताच्या मैफली कॅसेटरूपानें प्रसिद्ध केल्या. आणि ज्यांना मोठ्या कंपनीच्या दारांत कधीं उभें राहतां आलें नसतें अशा भजनी मंडळांचे, गोंधळ्यांचे व शाहिरांचे आवाज बाजारांत आले. नागपूरच्या दीक्षाभूमीवर आणि दादरच्या चैत्यभूमीवर पुस्तकांच्या शेजारीं भीमगीतांच्या कॅसेटांचे ढीग दिसूं लागले. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज विठ्ठलाच्या गाण्यांतून आणि भीमगीतांतून सारख्याच हक्कानें घरोघरीं गेला.

या कॅसेटचें वेष्टन म्हणजे सुमारें अकरा सेंटिमीटर लांब व सात रुंद अशी प्लास्टिकची डबी, आणि तिच्यांत घडी घालून बसविलेला एक कागद. दीर्घ मुद्रिकेच्या पुठ्ठ्यापुढें हा कागद म्हणजे हत्तीपुढें उंदीर. गायकाचा रंगीत फोटो, देवाची किंवा महापुरुषाची मूर्ति आणि कंपनीचें चिन्ह एवढ्यांतच दर्शनी बाजू संपे. गीतकाराचें नांव घडीच्या आंत बारीक टाइपांत जाई, आणि ढोलकीवाल्याचें नांव बहुधा कोठेंच जात नसे. अशा वेळीं जुन्या चालीचें शहाणपण प्रत्ययास येतें. वामनदादा कर्डक यांच्या पुष्कळ गीतांत ‘वामन’ ही नाममुद्रा येते. कागद फाटला, डबी फुटली, दुसऱ्याच गायकानें तें गाणें म्हटलें, तरी कवि गाण्याच्या आंत बसून आहे! ज्यांनीं नाममुद्रा घातली नाहीं त्यांचें रक्षण त्या चिमुकल्या कागदावर अवलंबून राहिलें.

सरकारनें या कागदाकडे लक्ष दिलें, तें मात्र वेगळ्या कारणानें. कॅसेटच्या चोरट्या प्रतींचा सुळसुळाट झाला तेव्हां १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत १९८४ मध्यें ५२-अ हें कलम घालण्यांत आलें. ध्वनिमुद्रणावर व त्याच्या वेष्टनावर मुद्रण करणाराचें नांव व पत्ता, हक्काच्या मालकाचें नांव व पत्ता आणि प्रथम प्रसिद्धीचें वर्ष छापलेंच पाहिजे, असा त्याचा आशय आहे. वेष्टनावर काय असावें हें येथें कायद्यानें सांगितलें. पण वाचकांनीं यादी पुन्हां एकदां पाहावी. तींत मालक आहे, उत्पादक आहे. कवि नाहीं, गायक नाहीं, साथीदार नाहीं. कायद्याच्या दृष्टीनें गाण्याला धनी होता, जन्मदाता नव्हता.

यानंतर अवतरली ती सीडी. फिलिप्स कंपनीनें मार्च १९७९ मध्यें प्रकाशकिरणानें वाचतां येणारी लहान तबकडी जाहीर रीतीनें दाखविली, आणि जपानच्या सोनी कंपनीशीं सहकार्य करून १९८० मध्यें तिचें प्रमाण ठरविलें: व्यास १२ सेंटिमीटर, जाडी १.२ मिलिमीटर, मध्यें १५ मिलिमीटरचें भोंक व वादनकाल ७४ मिनिटें. विक्रीच्या सीडी प्रथम तयार झाल्या त्या १७ ऑगस्ट १९८२ रोजीं, हॅनोव्हरला लागूनच असलेल्या लांगेनहागेन येथें, पॉलिग्रामच्या कारखान्यांत. ही कंपनी बर्लिनरच्या जुन्या कारखान्याच्याच वंशांतली. गौहर जानच्या तबकड्या जेथें छापल्या गेल्या त्याच परिसरांत ऐंशी वर्षांनीं तबकडीचा हा नवा अवतार जन्मास यावा, हा मोठा विलक्षण योग होय.

सीडीच्या डबीचा आराखडा फिलिप्समधील पीटर डूडसन याचा. इंग्रजींत तिला ‘ज्युएल केस’, म्हणजे रत्नपेटी, म्हणतात. उजेड पडतांच चमकाव्या म्हणून तिच्या कडेवरील बारीक रेघांना त्यानें मुद्दाम झिलई दिली होती. साडेचौदा सेंटिमीटरांहूनही कमी लांब, साडेबारा रुंद आणि एक सेंटिमीटर जाड अशा या डबींत तीन तुकडे असतात: झाकण, तळ आणि मधली बैठक. बैठकीच्या मध्यावरील लवचिक दांत्यांचें चक्र तबकडीला भोंकांत धरून ठेवतें. त्यामुळें तिच्या पृष्ठभागाला कशाचाही स्पर्श होत नाहीं. झाकणाच्या आंतील कानांखालीं पुस्तिका सरकवावयाची, आणि तळाशीं ठेवलेला कागद दोन्ही बाजूंस दुमडून त्यावर नांव छापावयाचें, म्हणजे फळीवर कशीही उभी केली तरी पुस्तकाच्या पाठीसारखें तें वाचतां येतें. सोय मोठी, पण डबीचें प्लास्टिक ठिसूळ. ती हातांतून पडली कीं पहिला बळी जातो तो बिजागरीच्या नाजुक कानाचा. येथें एक गैरसमजही सांगण्यासारखा आहे. सीडीची चकचकीत बाजू जपावी आणि छापील बाजू कशीही टाकावी, अशी सर्वांची चाल. वस्तुतः ध्वनीची खूण धरून ठेवणारा धातूचा पातळ थर छापील बाजूच्याच लगत, रोगणाच्या एका पापुद्र्याखालीं असतो. इजा होण्याचें भय तिकडूनच अधिक.

अमेरिकेंत प्रारंभीं ही डबी बारा इंच उंच पुठ्ठ्याच्या खोक्यांत घालून विकीत. कारण दुकानांतील फळ्या दीर्घ मुद्रिकांच्या मापाच्या होत्या. घरीं गेल्यावर खोकें केरांत जाई. या उधळपट्टीविरुद्ध ओरड झाली आणि १९९३ च्या एप्रिलपासून तें खोकें बंद पडलें. पुढें प्लास्टिक कमी करण्यासाठीं पुठ्ठ्याचीं घडीचीं वेष्टनेंही निघालीं. सीडीच्या पुस्तिकेचें पान दीर्घ मुद्रिकेच्या पुठ्ठ्याच्या सुमारें एक-सप्तमांश. परंतु पानें वाढवितां येत, हा तिचा खरा लाभ. आमच्या भावगीतांना हा लाभ फार मानवला. गीतें संपूर्ण छापावीं, कवि व संगीतकार यांचीं नांवें प्रत्येक गीताखालीं द्यावीं, वादकांची यादी द्यावी, आणि हें सर्व मराठींत असावें, असें कित्येक संचांत घडलें. नांवांचा हिशेब इतका चोख पूर्वीं कधींच ठेवला गेला नव्हता.

तो टिकला मात्र थोडाच काळ. ‘एमपी-थ्री’च्या पद्धतीनें एका सीडीवर दहा-बारा तासांचें संगीत भरतां येऊं लागलें. दीडशें गाण्यांची यादी एका कागदावर बसवावयाची म्हणजे पहिली कात्री लागली ती गीतकारांच्या नांवांवर. पाठोपाठ कागदी पाकिटांतील चोरट्या सीडी आल्या, आणि शेवटीं गाणें मोबाइलवर आलें. तेथें वेष्टन म्हणून उरलें तें नखाएवढें चित्र. आज आमच्या भागांत जुन्या सीडी ज्वारीच्या उभ्या पिकांत दोरीला टांगलेल्या दिसतात. त्यांच्या चकाकीनें पांखरें बुजतात. डब्या भंगारांत गेल्या आणि पुस्तिका रद्दींत.

यावर कोणी म्हणेल, गेलें तर गेलें. प्लास्टिकचा कचरा कमी झाला, जागा वाचली, आणि गाणें पूर्वींपेक्षां स्वस्त व सुलभ झालें. हें सर्व खरें आहे, आणि डबीसाठीं अश्रु ढाळण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतु नाहीं. पुठ्ठा किंवा प्लास्टिक पूज्य नव्हे. पूज्य असेल तर त्यावरील नांव. मोबाइलच्या पडद्यामागें तर जागेची तूटच नाहीं. तरीही गायकाचें नांव समोर दिसतें, आणि गीतकाराचें व तबलजीचें नांव असलें तर शोधून काढावें लागतें. दैवदुर्विलास असा कीं कायदा शहाणा झाला तो याच वेळीं. २०१२ च्या दुरुस्तीनें गीतकार व संगीतकार यांचा मानधनांतील वांटा सुरक्षित केला, आणि कलावंताला आपल्या कलेशीं आपलें नांव जोडून घेण्याचा हक्क दिला. १९८४ च्या कायद्याला जो साथीदार दिसला नव्हता, तो आतां दिसूं लागला; पण त्याचें नांव लिहावयाचा कागद तोंवर हातांतून गेला होता. हा प्रश्न केवळ मानाचाही नाहीं. ज्याचें नांव नोंदलेलें नाहीं त्याचा वांटा कोणाच्या हातीं द्यावयाचा?

मोठ्या कलावंतांची चिंता करण्याचें कारण नाहीं. मुंबईंत १९९० मध्यें स्थापन झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था आणि तिचे सुरेश चांदवणकर यांच्यासारखे कार्यकर्ते यांनीं जुन्या तबकड्या व त्यांवरील मजकूर जपण्याचें फार मोठें काम केलें आहे. चिंता आहे ती जिल्ह्या-तालुक्यांतील कलावंतांची. नांदेड, लातूर, परभणीकडील जे शाहीर, भारूडकार व भजनी गायक कॅसेटच्या व सीडीच्या काळांत एखाददुसऱ्या संचापुरते मुद्रित झाले, त्यांच्याविषयीं ग्रंथांत एक ओळ सांपडणें कठीण. त्यांच्या डबींतील चार बोटांचा कागद हाच पुष्कळदां त्यांचा एकमेव छापील पुरावा आहे. तो रद्दींत गेला कीं आवाज राहील, पण तो कोणाचा हें सांगणारें कोणी राहणार नाहीं.

म्हणून सुशिक्षित कुटुंबांस एक विनंति करावीशी वाटते. दिवाळीच्या साफसफाईंत जुन्या कॅसेटा व सीडी भंगारांत घालण्यापूर्वीं त्यांतील कागद तेवढे काढून ठेवावे. त्यांवर साथीदाराचें नांव नसेल आणि घरांतील वडीलधाऱ्या मंडळींस तें ठाऊक असेल, तर तें शाईनें लिहावें. आणि जवळच्या महाविद्यालयाच्या किंवा गांवच्या ग्रंथालयांत ते कागद द्यावे. ग्रंथपालांनींही ते कपाटांत कोंडून न ठेवतां गायक, कवि व वादक यांच्या नांवांची वर्णानुक्रमें यादी करावी. काम लहान आहे, खर्च जवळजवळ नाहीं, आणि करणारास त्यांत गोडीही लागेल. नामदेव-जनाबाईंनीं आपलें नांव आपणच सांभाळलें. ढोलकीवाल्याला तशी सोय नाहीं. त्याला शेवटच्या कडव्यांत बसतां येत नाहीं. त्याचें नांव दुसऱ्या कोणी तरी लिहून ठेवलें तरच राहतें.